वारा सुटेल, वारा पडेल

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुनेत्राच्या आमटीच्या चार वाट्या आजपासून कायमच्या माझ्या झाल्या. त्या आता ए विंगच्या गच्चीवर एका नळीच्या टोकाला फिरताहेत आणि वाऱ्याचा वेग सांगताहेत. एका वाटीला लाल रंग दिलाय, ती मिनिटात किती वेळा समोरून जाते ते मोजायचं. असं यंत्र बाजारात तयार मिळतं म्हणे. पण ज्याने चौतीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कंपनीत काटे आणि मीटर दुरुस्त केले, त्याने तयार यंत्र आणायचं म्हणजे सुताराने पाट विकत आणल्यासारखं आहे. सुनेत्रा म्हणाली, "अहो, निदान जुन्या तरी घ्यायच्या होत्या." जुन्यांना पोचे आहेत आणि पोचा आला की माप चुकतं, हे तिला समजावलं. पटलं असावं, कारण ती पुढे काही बोलली नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. आमच्या टॉवरच्या मागे, पालेगावच्या पलीकडे टेकडी आहे. आम्ही पंधरा-वीस जण दर पावसाळ्यात तिच्यावर झाडं लावतो. २०२३च्या मार्चमध्ये वणव्यात सगळी गेली. २०२४मध्ये पुन्हा सगळी. गेल्या जुलैत तिसऱ्यांदा लावली, अकराशे चाळीस. बहावा, करंज, आपटा, कांचन, थोडी जांभळं. आमचा म्होरक्या उन्मेष (वय चौतीस, नोकरी ऐरोलीला, रविवारी टेकडीवर) तेव्हाच म्हणाला, "काका, या वेळी जळली तर मी परत कुदळ उचलणार नाही. कुणीच नाही उचलणार." तेव्हा पाऊस येईपर्यंत ही अकराशे चाळीस जगवायची, एवढंच काम आहे.

लोक म्हणतात वणवा सांगून येत नाही. मी म्हणतो येतो. वारा आणि हवेतला कोरडेपणा मोजला की उद्याचा धोका आज सांगता येतो. आणि तो कुणामुळे लागतो, तेही मला ठाऊक आहे. टेकडीच्या पायथ्याला हरिचंद्रची भातखाचरं आहेत आणि तो दर वर्षी राब भाजतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'टेकडीचा वारा'. रोज संध्याकाळी सहाला उद्याचा रंग टाकणार. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे हवा कोरडी, वारा जोराचा, टेकडीजवळ बिडीसुद्धा पेटवू नये. सभासद तेवीस, त्यातली एक सुनेत्रा.

दुपारी हरिचंद्रकडे जाऊन आलो. माणूस माझ्याच वयाचा, सत्तरीकडे झुकलेला, पण बांधावर असा चालतो की मला धावावं लागतं. राब भाजणं म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवायचं. तण मरतं, रोप जोमात येतं. त्याला स्पष्ट सांगितलं, या वर्षी ते बंद ठेवा. तो म्हणाला, "हिंदुराव, आमी राब पहाटं भाजतो. तवा वारा परलेला असतो. आमच्या राबाची ठिनगी कवा टेकरीवर गेली नाय." त्याची बायको मोतीबाई आतून ताक घेऊन आली आणि मला म्हणाली, "तुमी बसा तरी." बसलो, ताक प्यालो, पण माझं मत बदललेलं नाही. ताक चांगलं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सभासद एकसष्ट! मी कुणालाही घातलेलं नाही. आपोआप येताहेत. झाडांबद्दल लोकांना आस्था नाही असं जे म्हणतात, त्यांना हा आकडा दाखवला पाहिजे.

एक गोष्ट मात्र समजत नाही. हिरवा टाकला की सगळे गप्प. काल पहिला लाल टाकला, हवेतला ओलावा जेमतेम वीस टक्के, दुपारी वाऱ्याचा जोर, तर चौतीस जणांनी अंगठा दाखवला. दोघींनी फुलं पाठवली. धोक्याच्या सूचनेला फुलं! सुनेत्राला विचारलं तर म्हणाली, "लोकांना वेळेवर कळलं, म्हणून खूश आहेत." तेही खरंच.

बी विंगमधल्या लाजवंती आंटींनी लिहिलं, "भाईसाब, शनिवार भी लाल है क्या? पक्का बताना, मेरे को चार किलो निकालना है." यांचं उल्हासनगरला दुकान आहे. चार किलो कसले, ते लिहिलं नव्हतं. बिया असाव्यात. पावसाळ्यात टेकडीवर टाकायला मातीच्या गोळ्यांत बिया भरतात, त्या. दुकानदारीतून वेळ काढून बाई हे करते. मी लगेच उत्तर दिलं, "शनिवारी नक्की लाल. आपल्यासारख्यांचीच गरज आहे." त्यांनी हात जोडले.

सोमवार, ३ मार्च

गच्चीवर भांडण. सुनेत्राने माझ्या यंत्राच्या पश्चिमेला दोन साड्या आणि एक चादर वाळत घातली. पश्चिमेचा वारा अडला, वाट्या ढिम्म. मी वेग शून्य नोंदवणार होतो. तिने खाली प्लास्टिकवर काहीतरी गोल गोल पसरलं होतं आणि साड्या त्याला आडोसा म्हणून होत्या. मी म्हटलं, "इथे विज्ञान चाललंय." ती म्हणाली, "इथेही." शेवटी तिने आपला संसार पूर्वेच्या कोपऱ्यात हलवला.

शुक्रवार, १४ मार्च

कालची होळी निर्विघ्न पार पडली. मी पिवळा दिला होता आणि सोसायटीच्या होळीची उंची चार फुटांवर आणवली. चेअरमन कुरकुरले, पण सगळ्या बायकांनी माझी बाजू घेतली. सभासद एकशे एकोणपन्नास. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातूनसुद्धा सात जणी आल्यात. तिथून आमची टेकडी दिसतही नाही. याला म्हणतात निष्ठा.

मंगळवार, १८ मार्च

आज जे कळलं ते लिहितानाही लाज वाटते.

यंत्राची बेअरिंग खरखर करत होती, म्हणून उल्हासनगरला गेलो. बाजारात लाजवंती आंटींचं दुकान लागलं. बाहेर पाटी होती. पाटीवर खडूने लिहिलेलं, "आज लाल. ताजा पापड." आत पापडांचे ढीग. उडदाचे, मुगाचे, मिरीचे. आंटी गल्ल्यावरून उठून आल्या. "आओ आओ साईं! तुम्हारे लाल से मेरा माल एक दिवसात कडक! पहले तीन दिवस लगता था, आधा बुरशी लागून फुकट."

चार किलो म्हणजे पापड! फुलं, अंगठे, हेंद्रेपाड्याच्या सात जणी, सगळं वाळवण! मी वणव्याचा इशारा देत होतो आणि तालुक्यातल्या बायका त्यावर कुरडया घालत होत्या. आंटींनी दिलेला चहाही मी धड प्यालो नाही.

घरी येऊन सुनेत्राला विचारलं, हे तुला माहीत होतं? ती म्हणाली, "अहो, मीच तर घातलं सगळ्यांना ग्रुपमध्ये. कोरडी हवा आणि वारा, वाळवणाला दुसरं काय लागतं? तुमचा अंदाज एकदाही चुकला नाही, केवढं कौतुक करतात तुमचं." मला असलं कौतुक नको. एकशे सव्वीस जणांना ग्रुपमधून काढलं. एकेकीचं नाव दाबताना फार बरं वाटलं. आता बावीस उरलेत, पण खरे. सुनेत्रा स्वतःच बाहेर पडली.

शनिवार, २२ मार्च

घरात सुनेत्राच्या मोबाइलवर दिवसभर टुणटुण चालू असते. तिने दुसरा ग्रुप काढलाय. मी विचारलं नाही.

उद्या महत्त्वाचं काम आहे. झाडांच्या खालच्या अंगाला उन्मेष आणि मंडळींनी गवत कापून सहा फुटांचा पट्टा केलाय, त्यातलं उरलेलं गवत उद्या जाळून टाकायचं. ही जाळरेषा एकदा काळी झाली की खालून आलेली आग तिथेच थांबेल. हे काम वारा नसतानाच करायचं असतं. मी मुद्दाम बसून सगळं तपासलं. सकाळी दहापर्यंत हवा शांत, अकरानंतर खाडीकडून जोराचा वारा. ग्रुपवर मोजक्या शब्दांत टाकलं, "उद्या पिवळा. दहापर्यंत वारा पडलेला राहील, अकरानंतर सुटेल. जाळरेषेचं काम त्याप्रमाणे करावं." नेमकं आणि नेटकं. सुनेत्रा वाचून म्हणाली, "अकरानंतरचा लालच म्हणा की." मी म्हटलं, पापड घालणाऱ्यांनी रंग शिकवू नयेत.

मला स्वतःला जाता येणार नाही. हेंद्रेपाड्याला पुतणीचा साखरपुडा आहे. सुनेत्रा येत नाही म्हणाली, तिचे पोह्याचे पापड व्हायचेत. नवऱ्याच्या घरचं कार्य सोडून पापड!

रविवार, २३ मार्च

हात अजून काळे आहेत, तरी लिहून टाकतो.

साडेअकराला मी पंगतीत बसलो होतो. सुनेत्राचा फोन. "टेकडीवर धूर आहे. पट्ट्याच्या वर. मी मोतीबाईंना फोन केलाय, तुम्ही या." मोतीबाईचा नंबर हिच्याकडे कसा, हे विचारायची ती वेळ नव्हती. भरलं ताट सोडून उठलो. रिक्षावाल्याला म्हटलं, हवी तशी चालव. तो तशीच चालवत होता. सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं की गेली, तिसऱ्यांदा गेली.

पोचलो तेव्हा आग जवळजवळ आटोक्यात आली होती. हरिचंद्र आणि गावातले आठ-नऊ जण हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपत होते. त्यांच्या शेजारी आमच्या टॉवरच्या बायका! लाजवंती आंटी साडी खोचून ओली चादर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटीला सिंधीत काहीतरी म्हणत होत्या, ते मला न कळलेलंच बरं. सुनेत्राच्या हातात ओलं गोणपाट, तोंडाला पदर. मला बघून म्हणाली, "उभे काय राहिलात? तिकडून घ्या!" मी साखरपुड्याच्या कोऱ्या शर्टात तिकडून घेतलं.

पाऊण तासाने विझली. मग कळलं की सगळ्यात आधी धूर दिसला तो बी विंगच्या गच्चीवरून. तिथे अकरा बायका वाळवण राखत बसल्या होत्या, तोंडं टेकडीकडे करून. पाच मिनिटांत सुनेत्राच्या ग्रुपवर सगळीकडे कळलं. मोतीबाईही त्याच ग्रुपमध्ये आहे. माझ्या ग्रुपवरच्या बावीस खऱ्या सभासदांपैकी एकानेही काही पाहिलं नाही. मीही नाही. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर वारा आग थेट माथ्यावर घेऊन गेला असता.

आग राबाची नव्हती. हरिचंद्रचा खालचा राब पहाटे सहालाच भाजून गार झाला होता. आग आमच्याच जाळरेषेची होती. उन्मेष एका दगडावर डोकं धरून बसला होता. आज त्याला काही विचारलं नाही.

सोमवार, २४ मार्च

उन्मेष ऑफिसला दांडी मारून आला. हरिचंद्र आणि मोतीबाईही आले होते, भाजलेली झाडं बघायला. सगळे आमच्याकडेच बसले. मी विचारलं, "अरे, सकाळी वारा नसताना पेटवायचं सोडून साडेअकराला का पेटवलंत?"

"सव्वाअकरा, काका. मी तर तुमचा मेसेज वर्ड टू वर्ड फॉलो केला!" त्याने मोबाइल काढला. "हे बघा. अकरानंतर सुटेल. म्हणजे वारा जाईल."

"सुटेल म्हणजे सुरू होईल!"

"कसं काय? ट्रेन सुटली म्हणजे गेली. ऑफिस सुटलं म्हणजे संपलं. मग वारा सुटला म्हणजे चालू कसा झाला?"

मी त्याचा मोबाइल हातात घेतला. मग म्हटलं, "बरं, आधी लिहिलंय ना, दहापर्यंत पडलेला राहील?"

"तेच ना! पाऊस पडला म्हणजे आला. थंडी पडली म्हणजे आली. ऊन पडलं म्हणजे आलं. मग वारा पडला म्हणजे आलाच ना? मैं तो सबको बोला, दहापर्यंत कोणी काडी लावायची नाही, वारा पडणार आहे. सगळे चहा पीत बसलो."

"पण वारा नव्हता, हे दिसत नव्हतं?"

"मला वाटलं, अजून पडायचाय."

मोतीबाईला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. "वारा परला म्हंजे निजला रं बाबा," ती उन्मेषला म्हणाली. "तुज्या आयशीनं तुला शिकवला नाय?" उन्मेष म्हणाला, "आजी, आमच्या घरी एसी आहे." यावर मलाही हसू आलं, पण नीट हसता येईना.

मग मी हरिचंद्रला म्हणालो, "दोन वर्षं मी तुम्हाला दोष देत होतो. माझं चुकलं." म्हणायला फार वेळ लागला, म्हणून इथे लिहून ठेवतो. तो म्हणाला, "ठाव हाय. दोन वर्सं तुमी माज्याकरं वाकऱ्या डोल्यांनी बगत व्हतं. ताक मातर पीत व्हतं." आणि टाळी द्यायला हात पुढे केला.

गुरुवार, २७ मार्च

मोजणी झाली. एकशे शहाऐंशी गेली. नऊशे चोपन्न आहेत. उन्मेषने दोनदा मोजली आणि कुदळ घरी घेऊन गेला, धार लावायला.

एकशे सव्वीस जणींची माफी मागणारा मेसेज लिहिला, सुनेत्राने तो अर्धा कापला आणि स्वतःच्या ग्रुपवर टाकला. मला त्या ग्रुपमध्ये घेतलंय. ॲडमिन ती आहे. नाव आहे 'वाळवण आणि वणवा'. सभासद तीनशे बारा. ज्या गच्चीवरून टेकडी दिसते तिथल्यांनी, राखण करताना, टेकडीकडे तोंड करून बसायचं, असा नियम तिने केलाय. लाजवंती आंटींनी लिहिलं, "बैठना तो है ही, उधर देख लेंगे."

मी आता असं लिहितो: सकाळी सहा ते दहा, वारा नाही. अकरा ते सहा, वारा आहे. सुनेत्रा म्हणते, आत्ता कुठे मराठी यायला लागली तुम्हाला.

मंगळवार, ८ एप्रिल

मोतीबाई आली होती. हरिचंद्रने एक राब भाजायचा ठेवलाय, वरच्या बांधाला लागून. त्याच्यापासून आमचं पहिलं झाड बारा पावलांवर. आग लागल्यापासून तो तिथे काडी लावायला धजत नाही. "चुकून काय झालं तं तुमची झारं जातील, बोलतो," ती म्हणाली. "पन तिथला रोप नाय झाला तं वरची दोन खाचरं लावू कशानं?" म्हणजे झाडं जगवण्याच्या पायी आम्ही त्याचं भात अडवून बसलोय.

मी तिला म्हटलं, उद्या सांगतो. मोबाइलवरचे अंदाज पाहिले, हवेतला ओलावा मोजणाऱ्या ओल्या-कोरड्या थर्मामीटरचे महिन्याभराचे आकडे पाहिले, वाट्यांची वही काढली. गुरुवार सकाळ बरी दिसते. बरी म्हणजे किती बरी, हे कुठल्याच वहीत नाही. कंपनीत मीटर चुकला तर नवा बसवायचो. इथे चुकलो तर नऊशे चोपन्न.

गुरुवार, १० एप्रिल

नऊशे चोपन्न. आत्ताच मोजून आलो. राबाचा तुकडा काळाभोर, सपाट, गार झालाय आणि मोतीबाई त्याच्यावर अनवाणी फिरून खात्री करते आहे. भूक सडकून लागली आहे, पण आधी हे लिहितो.

साडेपाचला पोचलो तर माझ्याआधी वीसेक जण हजर. उन्मेष सुट्टी टाकून आलेला, बादल्यांची रांग लावत होता. सुनेत्रा आणि लाजवंती आंटी ओली गोणपाटं घेऊन झाडांच्या बाजूला उभ्या. मी काल ग्रुपवर लिहिलं होतं, गुरुवारी सहा ते आठ वारा नाही. तीनशे बारा जणांसमोर लिहिलं होतं. करंजाच्या पानांकडे बघत राहिलो, एक हललं की दुसरं हलेल असं वाटत होतं.

हरिचंद्रने खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुमी लावा."

"मी? अहो, राब तुमचा."

"राब माजा, पन वारा तुमचा हाय."

मी म्हटलं, "हरिचंद्र, साठ वर्षं तुम्ही हे करताय. तुम्हाला काय वाटतं, आहे का वारा?"

"मी नाय बगितला," तो म्हणाला. "तुमी लिवलंय ना."

"आणि चुकलं तर?"

"तं दोगंव धावू."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच आभाळाकडे, झाडाकडे, कशाकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि तिची ज्योत सरळ उभी राहिली.